दोन महायुद्धांमधला युरोप आणि ब्रिटिश वृत्तपत्रे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९१९चा व्हर्सायचा तह ते सप्टेंबर १९३९मधली पोलंडवरची स्वारी, या वीस वर्षांतले इंग्रजी अंक चाळणारे विद्यार्थी, अनुवादक आणि सदरलेखक जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. या पानावर ‘टाइम्स’ म्हणजे नेहमी लंडनचा टाइम्स. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियाशी गल्लत करू नये. ही गल्लत प्रबंधांतसुद्धा सापडते.

१. ‘ब्रिटिश वृत्तपत्रांनी हिटलरला पाठीशी घातलं’ असं सर्रास लिहितात. म्हणजे नेमकी कोणती वृत्तपत्रं?

हे वाक्य आहे तसे वापरू नका. पत्राचे नाव, साल आणि पान सांगितल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही.

ढोबळ मानाने दोन थर होते. एक पेनीची लोकप्रिय दैनिके लाखांनी खपत. १९३९च्या सुमारास डेली एक्सप्रेस सुमारे २५ लाख, डेली हेरल्ड २० लाख, डेली मेल १५ लाख, डेली मिरर आणि न्यूज क्रॉनिकल तेराचौदा लाखांच्या आसपास. दुसरा थर ‘वजनदार’ पत्रांचा : डेली टेलिग्राफ सुमारे ७ लाख, टाइम्स सुमारे २ लाख, मँचेस्टर गार्डियन जेमतेम ५० हजार. यांखेरीज ऑब्झर्व्हर आणि संडे टाइम्स ही रविवारची पत्रे, आणि इव्हनिंग स्टँडर्डसारखी सायंदैनिके.

खप आणि वजन यांचे प्रमाण इथे व्यस्त होते. बर्लिन, रोम आणि पॅरिसमधले परराष्ट्र अधिकारी आधी टाइम्सचा अग्रलेख उघडत, कारण तो सरकारच्या मनातले बोलतो अशी त्यांची पक्की समजूत होती. टाइम्स सरकारी पत्र नव्हते. पण या समजुतीने काय घडले ते प्रश्न ६मध्ये आहे.

२. कोणत्या पत्राचा मालक कोण होता?

डेली मेल १८९६मध्ये काढणारे लॉर्ड नॉर्थक्लिफ १९२२मध्ये वारले. मेल त्यांचे भाऊ लॉर्ड रॉदरमिअर यांच्याकडे गेले, टाइम्स जे. जे. ॲस्टर यांनी घेतले. एक्सप्रेस आणि इव्हनिंग स्टँडर्ड मूळचे कॅनडाचे लॉर्ड बीव्हरब्रुक यांचे. टेलिग्राफ १९२७मध्ये बेरी बंधूंनी घेतले. १९३७मध्ये भावांनी वाटण्या केल्या तेव्हा टेलिग्राफ कॅमरोज यांच्या आणि संडे टाइम्स केम्स्ली यांच्या वाट्याला आले. त्याच वर्षी जुने मॉर्निंग पोस्ट टेलिग्राफमध्ये विलीन झाले. हेरल्डमध्ये १९३०पासून ओडम्स या छपाई कंपनीचे ५१ टक्के आणि कामगार संघटनांच्या महासंघाचे ४९ टक्के. न्यूज क्रॉनिकल १९३०मध्ये दोन उदारमतवादी पत्रे जोडून झाले. पैसा चॉकलेटवाल्या कॅडबरी घराण्याचा. ऑब्झर्व्हर दुसऱ्या ॲस्टर भावाचे, वॉल्डॉर्फ यांचे.

३. मालकाचं मत बातमीत उतरायचं का, की फक्त अग्रलेखात?

पत्रापत्रात फरक होता. रॉदरमिअर स्वतःच्या सहीने लेख लिहीत आणि ते ठळक छापले जात. तिथे संशयाला जागाच नाही. बीव्हरब्रुक यांचा आग्रह एका सूत्रापुरता असे : ब्रिटनने युरोपच्या भांडणात पडू नये, साम्राज्याकडे पाहावे. ‘युद्ध होणार नाही, या वर्षी नाही आणि पुढच्या वर्षीही नाही’ हा एक्सप्रेसचा १९३८चा धोशा त्यातूनच आला. पण याच मालकाने इव्हनिंग स्टँडर्डमध्ये डेव्हिड लो या व्यंगचित्रकाराला मोकळे रान दिले होते (प्रश्न १२). ॲस्टर यांनी टाइम्सच्या संपादकाला जवळजवळ पूर्ण स्वातंत्र्य दिले होते. त्यामुळे टाइम्सच्या धोरणाचा जबाब मालकाकडे मागून उपयोग नाही, तो संपादक जेफ्री डॉसन यांच्याकडेच मागावा लागतो.

मालकांच्या दादागिरीवर पंतप्रधानपदाचे उमेदवारही चिडत. मार्च १९३१मध्ये स्टॅन्ली बॉल्डविन यांनी रॉदरमिअर आणि बीव्हरब्रुक या दोघांवर जबाबदारीशिवाय सत्ता हवी असल्याचा जाहीर आरोप केला, तो याच संदर्भात.

४. बातमीवर ‘आमच्या वार्ताहराकडून’ एवढंच असतं. हा वार्ताहर कोण, ते कसं शोधायचं?

टाइम्सने वार्ताहरांची नावे १९६७पर्यंत छापली नाहीत. गार्डियन आणि टेलिग्राफमध्येही परदेशी बातम्या बहुधा निनावीच. मेल, एक्सप्रेस आणि हेरल्डमध्ये मात्र नाव हीच जाहिरात, म्हणून तिथे सही मोठी.

शोधताना असे करा. बातमीच्या सुरुवातीला गाव आणि तारीख असते. अंकावर छापलेली तारीख साधारण एक दिवस पुढची. गावाची नोंद करून त्या वर्षी तिथे त्या पत्राचे कोण होते ते पाहा. बर्लिनला टाइम्सचे नॉर्मन एबट १९३७पर्यंत; गार्डियनचे फ्रेडरिक व्होइट १९३३च्या सुरुवातीपर्यंत, पुढे ते पॅरिसहून लिहीत; एक्सप्रेसचे सेफ्टन डेल्मर, जे १९३२च्या प्रचारात हिटलरच्या विमानातून फिरले आणि २७ फेब्रुवारी १९३३च्या रात्री जळत्या राइशस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदभवनात, हजर होते.

दोन ठिकाणी फसगत होते. ‘आमचे स्वतःचे वार्ताहर’ आणि ‘वार्ताहर’ यांत फरक आहे : पहिला पगारी माणूस, दुसरा बहुधा मानधनावरचा किंवा प्रसंगापुरता. ‘राजनैतिक वार्ताहर’ हा तर लंडनमध्येच बसलेला असतो आणि त्याची माहिती बहुतेक वेळा परराष्ट्र खात्यातून आलेली असते (प्रश्न ९). दुसरे म्हणजे, निनावी बातमी म्हणजे किरकोळ बातमी नव्हे. २९ ऑगस्ट १९३९च्या टेलिग्राफमधली, पोलंडच्या सरहद्दीवर हजार रणगाडे जमल्याची बातमी क्लेअर हॉलिंगवर्थ यांची; त्या नोकरीला लागून आठवडाही झाला नव्हता आणि अंकात त्यांचे नाव नव्हते.

५. टाइम्सने जर्मनीच्या बातम्या खरंच दाबल्या, की हा नंतरचा आरोप?

पुरावा संपादकांच्याच हातचा आहे. २३ मे १९३७ रोजी डॉसन यांनी आपले वार्ताहर एच. जी. डॅनियल्स यांना लिहिले की, जर्मनांची मने दुखावतील असे काही टाइम्समध्ये येऊ नये यासाठी मी रात्रंदिवस झटतो, तरी ते का चिडतात ते कळत नाही. त्याच खासगी पत्रात त्यांनी गेर्निका या स्पॅनिश गावावरच्या बॉम्बफेकीच्या बातमीचा (प्रश्न १०) उल्लेख केला आणि तिचा गाभा कोणी खोटा ठरवलेला नाही हेही मान्य केले.

पण ‘दाबल्या’ या शब्दात तीन वेगळ्या गोष्टी येतात. त्या सुट्या करून पाहिल्या पाहिजेत. एक, कात्री : एबट लांबलचक तारा पाठवत, लंडनला त्या जागेच्या सबबीवर छाटल्या जात, आणि छाटताना बहुधा टोकदार भागच जाई. दोन, जागा : बातमी छापायची, पण अग्रलेखाने तिची दखल घ्यायची नाही. तीन, विरोध : बातमी एक सांगते आणि त्याच अंकातला अग्रलेख उलट निष्कर्ष काढतो. तिसऱ्या प्रकाराची उदाहरणे सगळ्यांत जास्त आहेत. नाझींनी चर्चवर आणलेल्या दबावाबद्दल एबट यांची वार्तापत्रे टाइम्समध्ये तपशिलाने आली आहेत. म्हणूनच ऑगस्ट १९३७मध्ये, लंडनने तीन जर्मन पत्रकारांना घालवल्यावर, जर्मनीने बदला म्हणून एबट यांनाच हाकलले. जे पत्र सगळेच दाबते त्याच्या वार्ताहराला कोणी हाकलत नाही.

रचनेतला एक दोष फारसा सांगितला जात नाही. परराष्ट्र संपादक हॅरल्ड विल्यम्स, अनेक भाषा जाणणारा माणूस, नोव्हेंबर १९२८मध्ये वारले आणि डॉसन यांनी ती जागा भरलीच नाही. डॉसन यांचा पिंड साम्राज्याच्या राजकारणाचा, दक्षिण आफ्रिकेत मिल्नर या ब्रिटिश प्रशासकाच्या हाताखाली घडलेला. युरोप खंडाची त्यांना ना फारशी ओळख ना ओढ. वार्ताहराची तार आणि संपादकाचा निर्णय यांच्यामध्ये ‘हे असे नाही’ म्हणणारा कोणी उरला नाही.

६. ७ सप्टेंबर १९३८च्या अग्रलेखात एवढं काय होतं?

एकच वाक्य. चेकोस्लोव्हाकियाने सरहद्दीवरचा परकी वस्तीचा पट्टा, म्हणजे सुडेटेन जर्मन मुलूख, शेजारच्या सजातीय राष्ट्राला देऊन स्वतःला अधिक एकजिनसी करून घेण्याची कल्पना अगदीच बाजूला सारावी का, असे त्यात सुचवले होते. मसुदा ए. एल. केनेडी या सहायकाचा, शेवटचा हात डॉसन यांचा.

वेळ पाहा. लॉर्ड रन्सिमन प्रागमध्ये मध्यस्थी करत होते आणि चेक सरकार स्वायत्ततेच्या बहुतेक मागण्या मान्य करण्याच्या बेतात होते. प्रदेश तोडून देण्याची मागणी सुडेटेन नेते हेन्लाइन यांनीही उघडपणे केलेली नव्हती. परराष्ट्र खात्याने त्याच दिवशी खुलासा काढला की हे सरकारचे मत नाही. युरोपात त्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. कारण प्रश्न १मधली समजूत. आठ दिवसांनी पंतप्रधान चेंबरलेन हिटलरला भेटायला बेर्ख्टेसगाडेनला गेले आणि महिनाअखेर म्युनिकच्या करारात तोच पट्टा जर्मनीला दिला गेला. अग्रलेखामुळे म्युनिक झाले असे मात्र लिहू नका. मंत्रिमंडळातले काहीजण आधीच त्या वाटेवर होते. अग्रलेखाने एवढेच केले की प्रागच्या हातातले पान सगळ्यांना दाखवून टाकले.

७. डेली मेल फॅसिस्ट पत्र होतं का?

काही काळ, आणि मालकाच्या हट्टाने. १५ जानेवारी १९३४ रोजी रॉदरमिअर यांचा ‘हुर्रा फॉर द ब्लॅकशर्ट्स’ हा लेख आला. मोस्लींच्या, काळे सदरे घालणाऱ्या ब्रिटिश फॅसिस्टांना हा पाठिंबा जेमतेम सहा महिने टिकला. जून १९३४मधल्या ऑलिंपिया सभागृहात मोस्लींच्या सभेत झालेल्या मारहाणीनंतर जुलैमध्ये तो थांबला. हिटलरबद्दलचे कौतुक मात्र पुढेही चालू राहिले. रॉदरमिअर त्याला भेटले, पत्रे लिहीत राहिले, आणि वॉर्ड प्राइस या वार्ताहराला हिटलर-मुसोलिनींच्या मुलाखती सहज मिळत गेल्या.

गोंधळात टाकणाऱ्या बाबी दोन. हेच मेल १९२३मध्ये फ्रान्सने जर्मनीचा रुहर मुलूख व्यापला तेव्हा फ्रान्सच्या बाजूने टाळ्या पिटत होते. आणि १९३४नंतर हेच मेल ब्रिटनने हवाई दल वाढवावे म्हणून सर्वांत मोठ्याने ओरडत होते. जून १९२७मध्ये तर रॉदरमिअर यांनी हंगेरीला तहात गमावलेला मुलूख परत द्या अशी मोहीम काढली आणि बुडापेस्टमध्ये ते वीरपुरुष ठरले. सुसंगती शोधायला जाऊ नका. कम्युनिझमची धास्ती हा एकच धागा शेवटपर्यंत तुटत नाही.

८. झिनोव्हिएव्ह पत्रामुळे मजूर पक्ष १९२४ची निवडणूक हरला, हे बरोबर आहे?

कारण म्हणून अपुरे. कॉमिंटर्न या मॉस्कोतल्या आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटनेचे प्रमुख झिनोव्हिएव्ह यांनी ब्रिटिश कम्युनिस्टांना उठावाची तयारी करायला सांगितल्याचे हे पत्र मेलने २५ ऑक्टोबर १९२४ला छापले. मतदान २९ला होते. मेल छापणारच असे कळल्यावर परराष्ट्र खात्याने पत्र आणि रशियाला धाडलेला निषेधखलिता दोन्ही इतर पत्रांनाही दिले. त्यामुळे ‘फक्त मेलने छापले’ हे चूक. निषेध सरकारी असल्याने पत्र खरेच असणार असे वाचकाला वाटले, आणि खरा घाव तिथे बसला. पत्र बनावट होते हे आज सर्वमान्य आहे.

आता आकडे. मजूर पक्षाच्या जागा १९१वरून १५१वर आल्या, पण मते सुमारे १० लाखांनी वाढली. भुईसपाट झाले ते लिबरल : १५८वरून ४०. पत्राने घाबरलेला मतदार बहुधा लिबरलांकडून काँझर्व्हेटिव्हांकडे गेला.

९. शांततेच्या काळात सेन्सॉर नव्हता. मग सरकार वृत्तपत्रांवर दबाव आणायचं कसं?

गप्पांनी, जेवणांनी आणि माहितीच्या नळाची तोटी हातात ठेवून. परराष्ट्र खात्याचा वृत्तविभाग, १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात रेक्स लीपर यांच्या हाताखाली, ठरावीक राजनैतिक वार्ताहरांना रोज माहिती देई. त्या बातमीत ‘जबाबदार गोटातून’, ‘माहीतगार वर्तुळात’ असे शब्द आले की ती कुठून आली हे समजून घ्यावे. पंतप्रधानांच्या निवासस्थानीही १९३१पासून जॉर्ज स्ट्युअर्ड हे वृत्तअधिकारी होते. चेंबरलेन यांच्या काळात या दोन नळांतून वेगवेगळे पाणी येऊ लागले : परराष्ट्र खाते जर्मनीबद्दल साशंक, पंतप्रधानांचे कार्यालय आशावादी. १९३८मधल्या एकाच दिवसाच्या दोन पत्रांत सरकारचे मत भिन्न दिसले तर आधी ही शक्यता तपासा.

नोव्हेंबर १९३७मध्ये ब्रिटिश मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स जर्मनीला गेले तेव्हा नाझी प्रचारमंत्री गोबेल्स यांनी ब्रिटिश पत्रांच्या टीकेबद्दल तक्रार केली. परत आल्यावर हॅलिफॅक्स यांनी मालक-संपादकांना भेटून सबुरीचा सल्ला दिला. कायदा नाही, हुकूम नाही, सद्गृहस्थांमधली विनंती.

वृत्तपटांबाबत विनंती आणखी थेट झाली. सप्टेंबर १९३८मध्ये पॅरामाउंटच्या वृत्तपटात टाइम्सचे माजी संपादक विकम स्टीड आणि न्यूज क्रॉनिकलचे ए. जे. कमिंग्ज यांनी सरकारवर टीका केली. परराष्ट्र खात्याने अमेरिकी राजदूत जोसेफ केनेडी यांच्यामार्फत शब्द टाकला आणि तो भाग काढून टाकण्यात आला.

१०. गेर्निकाची बातमी टाइम्सने दिली, मग टाइम्स फ्रँकोविरोधी होतं का?

नाही, स्पेनमधल्या सरकारविरुद्ध बंड करणाऱ्या फ्रँकोच्या विरोधाचा इथे प्रश्न नव्हता; टाइम्सचे जॉर्ज स्टीअर तिथे होते आणि त्यांनी पाहिलेले लिहिले, इतकेच. २६ एप्रिल १९३७च्या दुपारी बॉम्बफेक झाली. स्टीअर आणि इतर तीन वार्ताहर बिल्बाओहून त्याच रात्री मोटारीने जळत्या गावात पोहोचले. स्टीअर यांची बातमी २८ तारखेला टाइम्स आणि न्यूयॉर्क टाइम्स दोन्हींत आली. तिची ताकद तपशिलात आहे : बाजारचा दिवस, किती तास, कोणती जर्मन विमाने, आगलाव्या बॉम्बच्या नळ्यांवरचा जर्मन कारखान्याचा शिक्का. फ्रँकोच्या बाजूने ‘लाल सैनिकांनीच गाव जाळले’ असा दावा केला तेव्हा बातमी टिकली ती या नळ्यांमुळे.

स्पेनच्या बातम्या वाचताना शब्दांकडे पाहा. एकाच सैन्याला मेल ‘देशभक्त’ किंवा ‘राष्ट्रवादी’ म्हणते, टाइम्स ‘बंडखोर’साठी सौम्य शब्द वापरते, हेरल्ड आणि न्यूज क्रॉनिकल सरळ ‘फॅसिस्ट’ किंवा ‘बंडवाले’. मराठीत अनुवाद करताना हे सगळे शब्द एकाच शब्दात ओतले तर पुरावाच पुसला जातो. शिवाय १९३७पासून फ्रँकोच्या बाजूने टाइम्सला बातम्या पाठवणारा तरुण किम फिल्बी होता. तो तेव्हाच सोव्हिएट हेर होता, हे वाचकांना कळायला अजून पंचवीसेक वर्षे होती.

११. रशियाच्या बातम्यांवर किती विश्वास ठेवायचा?

आधी बातमीच्या डोक्यावरचे गाव वाचा. टाइम्सचा या काळात बहुतांश वर्षे मॉस्कोत माणूसच नव्हता. रशियाचे वर्तमान लाटव्हियातल्या रिगाहून लिहिले जाई. तिथून मिळणारा माल म्हणजे सोव्हिएट वृत्तपत्रे आणि पळून आलेल्यांचे बोलणे. सोव्हिएट पत्रांतले उतारे उपयोगी, ऐकीव गोष्टी जपून.

मॉस्कोहून आलेल्या बातमीला वेगळा रोग : तिथे सेन्सॉर होता. मार्च १९३३मध्ये माल्कम मगरिज यांनी युक्रेन आणि उत्तर कॉकेशसमधल्या दुष्काळाचे तीन लेख गार्डियनला पाठवले ते राजनैतिक टपालाच्या थैलीतून. ते २५, २७ आणि २८ मार्चला निनावी छापले गेले. लगेच २९ला वेल्सचे पत्रकार गॅरेथ जोन्स यांनी बर्लिनमध्ये स्वतःच्या नावाने तेच सांगितले. न्यूयॉर्क टाइम्सचे मॉस्कोतले वार्ताहर वॉल्टर ड्युरँटी यांनी ते खोडून काढले आणि तेव्हा अनेकांना ड्युरँटीच खरे वाटले. निनावी लेखाला साक्षीदार मिळत नाही. निनावीपणाची ही किंमत होती.

१२. व्यंगचित्रं पुरावा म्हणून वापरता येतात का?

येतात, पण ती पत्राचे मत दाखवतात असे धरू नका. न्यूझीलंडचे डेव्हिड लो १९२७पासून बीव्हरब्रुक यांच्या स्टँडर्डमध्ये होते आणि मालकाच्या मताच्या उलट काढत असत. हिटलरची थट्टा जर्मनीत झोंबते म्हणून हॅलिफॅक्स यांनी त्यांनाही (प्रश्न ९) समजावले. लो यांनी काही काळ हिटलर आणि मुसोलिनी यांचे मिश्रण करून ‘मझलर’ नावाचा नवा हुकूमशहा काढला. बाकी चित्रे तशीच तिखट.

१३. म्युनिकच्या वेळी सगळी वृत्तपत्रं एका सुरात होती ना?

करार जाहीर झाल्याच्या पहिल्या दोनतीन दिवसांत जवळजवळ. युद्ध टळल्याचा सुटकेचा निःश्वास सगळ्यांनीच टाकला. स्पष्ट विरोध कम्युनिस्टांच्या डेली वर्करने आणि सहकारी चळवळीच्या रेनॉल्ड्स न्यूजने केला. टेलिग्राफ, गार्डियन, हेरल्ड आणि न्यूज क्रॉनिकल यांचा सूर अस्वस्थ, पुढे कडक होत गेलेला. म्हणून ‘म्युनिकबद्दल अमुक पत्राचे मत’ लिहिताना तारीख द्या. १ ऑक्टोबर आणि १५ ऑक्टोबर यांत फरक पडतो.

दोन घटना आवर्जून तपासा. नौदलमंत्री डफ कूपर यांनी राजीनाम्याचे भाषण ३ ऑक्टोबरला केले. टाइम्सचे संसदेतले तरुण वार्ताहर अँथनी विन यांनी ते प्रभावी झाल्याचे लिहिले. डॉसन यांनी ते बदलून भाषण फुसके ठरवले, तेही ‘संसदेतल्या वार्ताहराकडून’ असेच वर छापून. विन यांनी नोकरी सोडली. दुसरी, न्यूज क्रॉनिकलने म्युनिकनंतर जनमत चाचणी घेतली. हिटलरला आता आणखी मुलूख नको यावर लोकांचा विश्वास नाही हा तिचा निकाल अध्यक्ष वॉल्टर लेटन यांनी छापला नाही, पंतप्रधानांना कळवला. उदारमतवादी आणि सरकारवर टीका करणारे पत्र, तरीही.

१४. म्हणजे उजवी पत्रं नाझीधार्जिणी आणि डावी-उदारमतवादी पत्रं विरोधी, हे समीकरण चालेल?

नाही. मॉर्निंग पोस्ट कट्टर उजवे आणि १९२०मध्ये ज्यूविरोधी लेखमाला छापणारे. पण जर्मनीबद्दल जुना संशय बाळगणारे. टेलिग्राफ काँझर्व्हेटिव्ह असूनही चर्चिल यांना स्टँडर्डने १९३८मध्ये डच्चू दिल्यावर त्यांचे सदर त्यानेच घेतले, आणि जुलै १९३९मध्ये त्यांना मंत्रिमंडळात घ्या अशी मागणी केली.

उलट बाजूला गार्डियन. १९३३ची दहशत व्होइट यांच्यामुळे गार्डियनने इतर कोणापेक्षाही सविस्तर मांडली आणि पत्रावर जर्मनीत बंदी आली. पण व्हर्सायचा तह अन्यायाचा, जर्मनीच्या तक्रारी खऱ्या, हे इंग्रज वाचकाच्या मनात दहा वर्षे मुरवण्यातही गार्डियनचा मोठा वाटा. तीच अपराधी भावना पुढे तुष्टीकरणाला, म्हणजे हिटलरला सवलती देऊन शांत ठेवण्याच्या धोरणाला, उपयोगी पडली. म्हणून त्याला जर्मनीचे भाट म्हणावे, तर डिसेंबर १९२६मध्ये जर्मन लष्कर आणि सोव्हिएट रशिया यांचे गुप्त सहकार्य गार्डियननेच उघड केले. त्यावरून राइशस्टागमध्ये समाजवादी नेते शायडेमान यांनी हल्ला चढवला आणि मार्क्स यांचे सरकार पडले. हा मार्क्स वेगळा, विल्हेल्म. कार्लशी संबंध नाही.

१५. जे छापलं गेलं नाही ते कुठे वाचायला मिळतं?

क्लॉड कॉबर्न यांचे ‘द वीक’ पाहा. टाइम्समधली नोकरी सोडून त्यांनी १९३३मध्ये हे चक्रमुद्रित पत्रक काढले. कागद पिवळसर, शाई तपकिरी, वर्गणीदार थोडे, पण त्यांत राजदूत, बँकर आणि पत्रकार. ‘क्लाइव्हडन मंडळी’ (वॉल्डॉर्फ ॲस्टर यांच्या क्लाइव्हडन वाड्यात जमणारी, जर्मनीशी समझोता हवा असलेली वजनदार माणसे) हा शब्दप्रयोग १९३७मध्ये इथूनच गाजला. वापरताना काळजी घ्या : कॉबर्न कम्युनिस्ट होते, ‘फ्रँक पिटकेर्न’ या नावाने डेली वर्करलाही लिहीत, आणि अफवा हीसुद्धा बातमीच असे त्यांचे उघड मत होते. तेव्हा वीकमधला मजकूर ‘त्या आठवड्यात लंडनमध्ये काय बोलले जात होते’ याचा पुरावा आहे, काय घडले याचा नव्हे.

रेडिओकडून फार अपेक्षा नको. बीबीसीला सुरुवातीच्या काळात, वृत्तपत्रांच्या आग्रहावरून, संध्याकाळी ७ च्या आधी बातम्या देता येत नसत. ऑक्टोबर १९३३मध्ये जर्मनी राष्ट्रसंघातून बाहेर पडला तेव्हा व्हर्नन बार्टलेट यांनी जर्मनीची बाजू समजावणारे भाषण केले. सरकार रागावले आणि बार्टलेट लवकरच न्यूज क्रॉनिकलमध्ये दिसू लागले.

१६. पत्रं आपली चूक कबूल करायची का?

क्वचित, पण एक उदाहरण अभ्यासासारखे आहे. ‘झायनच्या वडीलधाऱ्यांचे इतिवृत्त’ हा बनावट ज्यूविरोधी दस्तऐवज मे १९२०मध्ये टाइम्सने गंभीरपणे घेतला. ऑगस्ट १९२१मध्ये त्याच टाइम्सचे कॉन्स्टँटिनोपलचे वार्ताहर फिलिप ग्रेव्ह्ज यांनी तीन लेखांत, मोरिस जोली यांच्या १८६४च्या फ्रेंच उपहासग्रंथातले उतारे शेजारी ठेवून, सगळी उचलेगिरी ओळीओळीने दाखवली. पहिला लेख आजही द्वेषप्रचारक उद्धृत करतात. तेव्हा हे तीन लेख त्याच्यासोबतच वाचावेत.

१७. हे सगळं महाराष्ट्रातल्या वाचकापर्यंत कसं पोहोचायचं?

मुख्यतः रॉयटरच्या तारांनी. लंडनहून तार मुंबईच्या इंग्रजी दैनिकांत येई, तिथून मराठी पत्रे अनुवाद करत. त्यामुळे मराठी बातमीचा मूळ स्रोत लंडनचे अमुक पत्र असे थेट लिहिण्याआधी मध्ये रॉयटर आहे का ते पाहावे. मूळ अंक बोटीने दोनअडीच आठवड्यांनी येत. १९२९मध्ये लंडन–कराची हवाई टपाल सुरू झाल्यावर हे अंतर आठवड्यावर आले.

मते मात्र उसनी नव्हती. केसरीने १९२०च्या दशकात मुसोलिनीच्या इटलीवर कौतुकाने लिहिले. त्यामागचे कारण रॉदरमिअरचे नव्हते : कम्युनिझमच्या धास्तीपेक्षा ‘दुबळा देश शिस्तीने उभा राहिला’ हे आकर्षण मोठे होते. केसरीचे द. वि. ताम्हनकर पुढे लंडनहून लिहीत. हिंदू महासभेचे बा. शि. मुंजे मार्च १९३१मध्ये रोममध्ये मुसोलिनीला भेटले, त्याची पार्श्वभूमीही हीच.

१८. डिजिटल अभिलेखात शोधलं तर काहीच सापडत नाही. काय चुकतं?

बहुधा शब्दलेखन. तेव्हाचे इंग्रजी लेखन आजच्यासारखे नाही. चेकोस्लोव्हाकिया हे नाव मधोमध जोडरेघ देऊन दोन तुकड्यांत. युगोस्लाव्हियाची सुरुवात वायने नव्हे, जेने. रुमानियात ओच्या पुढे यू. इथिओपिया ऐवजी ॲबिसिनिया. हिटलरला टाइम्स ‘हेर हिटलर’ म्हणते (‘हेर’ म्हणजे जर्मनमधले ‘श्री’), मुसोलिनीला ‘सिन्योर’. नुसते आडनाव घालून शोधले तर हजारो निकाल येतात. आडनाव आणि गाव एकत्र घाला.

दुसरी अडचण यंत्रवाचनाची. जुन्या छपाईत ‘आरएन’ आणि ‘एम’ यांसारख्या अक्षरांची अदलाबदल होते. शब्द सापडला नाही तर तारीख धरून अंक पानोपानी उघडा. टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी शोधू नका. तिथे १९६६पर्यंत छोट्या जाहिराती असत. गार्डियनचेही १९५२पर्यंत तसेच. परदेशी बातम्या आणि अग्रलेख मधल्या पानांवर समोरासमोर किंवा जवळजवळ असतात, आणि ते तसेच शेजारी ठेवून वाचावेत (प्रश्न ५).

पैशांचे म्हणाल तर टाइम्स, मेल आणि गार्डियनचे संग्रह सशुल्क आहेत. आधी विद्यापीठाच्या ग्रंथालयाने वर्गणी भरली आहे का ते विचारा. ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हमध्ये शोध फुकट, बहुतेक पाने उघडायला पैसे. फुकटात काम भागवायचे तर ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे ‘ट्रोव्ह’ आणि न्यूझीलंडचे ‘पेपर्स पास्ट’ वापरा. तिथल्या पत्रांत लंडनच्या पत्रांचे अग्रलेख तारेने दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सारांशरूपात येत.

१९. अंकात वाचलेला मजकूर आणि संग्रहातला मजकूर जुळत नाही. कोणता खरा?

दोन्ही खरे असू शकतात. लंडनची दैनिके एका रात्रीत अनेक आवृत्त्या काढत : रेल्वेने लांब जाणारी लवकरची, लंडन शहरासाठी उशिराची. रात्री अकरानंतर आलेली तार पहिल्या आवृत्तीत नसते, आणि तिच्यासाठी दुसरी एखादी बातमी खाली उतरवली किंवा काढलेली असते. डिजिटल संग्रहात बहुधा एकच, तीही उशिराची आवृत्ती असते. म्हणून संदर्भ देताना पत्र, तारीख, पान, स्तंभ आणि अंकावर छापली असेल तर आवृत्ती एवढे सगळे लिहा. ‘अमुक पत्राने बातमी छापलीच नाही’ असे विधान एका आवृत्तीच्या जोरावर करू नका. आधी दुसऱ्या दिवशीचा अंक तरी पाहा.